दहा मीटरच्या आत

कुह्मोच्या पूर्वेला, जिथे नकाशावरचा रस्ता
ठिपक्याठिपक्यांचा होत होत संपतो,
तिथे एका तोडलेल्या पाइनच्या बुंध्यावर
मार्युक्काने यंत्र ठेवलं:
तळहाताएवढा संगणक, पिवळ्या रबराचं चिलखत,
दोरीला बांधलेली लेखणी.
शेजारी नवा कॅलिपर, झाडांच्या कंबरा मोजणारा.
कंपनीने धाडलेला. म्हणे, वायर लागत नाही.
म्हणे, दोघं आपापसात बोलतात.

'जवळपासची साधनं शोधत आहे.'
पडद्यावर एक भिंग गोल गोल फिरत राहिलं.
मग: 'काही सापडलं नाही.'
मागे कॉफी ढवळत उभा ओइवा म्हणाला,
"खरं बोलतंय बिचारं."

ओइवाने एकतीस वर्षं झाडं मोजली.
एकाने खोडाला भिडायचं, आकडा ओरडायचा,
दुसऱ्याने तोच परत ओरडायचा, मग लिहायचा.
परत ओरडला नाही, तर ते झाड मोजलंच नाही.
अशाच एका उन्हाळ्यात हिल्क्का आली
त्याचे आकडे परत ओरडायला,
आणि पुढची बावीस वर्षं ओरडत राहिली,
जंगलात कमी, घरात जास्त.

मार्युक्काला आठवलं:
कॅलिपरचं बटण पाच मोजेपर्यंत दाबून धरायचं,
तोवर तो असून नसल्यासारखा.
"आपण दिसावं, असं त्याने आधी ठरवावं लागतं."
ओइवाने मान हलवली.
गावातली निम्मी माणसं त्याच्या डोळ्यांपुढून गेली असावीत.

निळा दिवा लुकलुकला.
यादीत एक नाव उगवलं, कैद्याच्या नंबरासारखं.
आता यंत्राला खूण हवी. चार आकडे, दोन्हीकडे तेच.
पण कॅलिपरला बटणं दोनच, तो काय लिहिणार?
त्याची खूण कारखान्यातूनच आलेली,
पुस्तिकेत छापलेली,
पुस्तिका झोपडीत, झोपडी चौदा किलोमीटरवर,
आणि पुस्तिका चुलीशेजारी.
बहुधा चुलीत.

एक दोन तीन चार. नाकारलं.
ओइवाचं जन्मसाल. नाकारलं.
डास मनगटावर उतरले,
त्यांना कुणी खूण विचारली नाही.

"शून्य घाल. चारही."
"का?"
"ज्याला काही लपवायचं नाही,
तो आणखी काय सांगणार?"

शून्याला पूज्य म्हणणारे म्हातारे
माझ्या भाषेत अजून आहेत थोडे.
त्यांना हे पटलं असतं:
चार पूज्यं मांडली
आणि दार उघडलं.

पहिलं झाड. जबडा मिटला, बीप,
आणि मार्युक्काच्या हातात दोनशे चौतीस.
ओइवाने छातीत भरून घेतलेली हवा
तशीच, बिनआकड्याची, बाहेर सोडली.

सकाळभर बीप. साठ झाडं, मग एकशे दहा.
राईच्या पावावर लोणी लावताना तो म्हणाला,
"घसा दुखत नाहीये."
ऐकणाऱ्याला तक्रार वाटावी, असा सूर.

दुपारी दलदल लागली.
ती कडेने गेली, तो मधून, बुटांचा पचपच आवाज करत,
दहा मीटर, बारा, मग स्प्रूसच्या दाट रांगेआड.
'जोडणी तुटली.'
'पुन्हा जोडायची?'
लेखणी पडद्यावर अधांतरी थांबली.

आणि झाडीपलीकडून, बरंच लांबून:
"स्प्रूस! तीनशे बारा!"

मार्युक्काने आधी इकडेतिकडे पाहिलं,
कुणी नाही याची खात्री केली,
मग ओरडली. आवाज आधी फाटला,
मग सरळ झाला:
"स्प्रूस! तीनशे बारा!"
एकेक आकडा लेखणीच्या टोकाने टोचला.

थोडा वेळ काहीच नाही. फक्त पचपच.
"अकरा! बारा नाही, अकरा!"
"अकरा!"

भिंग अजून फिरतच होतं.