मालाची यादी

इतवारीत, मुर्तुझाभाईंच्या दुकानात
मी अकरा वर्षं काच मोजते.
परवा वर्धा रोडच्या नव्या हॉटेलची ऑर्डर आली.
टंबलर सहा डझन, गॉब्लेट चार डझन,
बिअर मग दोन डझन, जग आठ.

टंबलर म्हणजे कोलांटी खाणारा,
पोराने मोबाइलात बघून सांगितलं.
मी एक काउंटरवर ठेवून पाहिला.
बूड सपाट, ढिम्म हलेना.
"आधी बूड गोल राहायचं म्हणे,
संपल्याशिवाय खाली ठेवताच येत नव्हता."
आपल्या रमण्णामामासारखं, मी म्हटलं.

ग्लास म्हणजे काच,
पण घरचा गिलास स्टीलचा,
त्यावर ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव कोरलेलं.
हसावं कोणाला?
तांब्याही आमचा स्टीलचाच,
आणि फुलपात्रात जन्मात फूल पाहिलं नाही.

मग तर न्हाणीतला. निळा, प्लास्टिकचा.
त्यातून लोक बिअर पितात
हे आईला अजून सांगितलेलं नाही.
आणि जग?
एक सांभाळता नाकी नऊ येतात,
यांना आठ पाहिजेत.

कपाला कान असतो, बशी नुसती बसून असते.
जो कप जिंकून आणतात
त्यातून कोणी काही पीत नाही.

आजोबा सांगायचे,
काटोलकडच्या एका फाट्यावर, हॉटेलाबाहेर
खिळ्याला एक कप टांगलेला असे.
आपणच काढायचा, आपणच विसळायचा,
परत टांगायचा.
चहा वरून पडायचा, लांबून.
त्या कपाला काय म्हणायचे, मी विचारलं होतं.
"काही नाही. 'तो घे', म्हणायचे."

त्याला इंग्रजीत काय म्हणतात
ते पोराला विचारलं नाही मी.

दुपारी छेचाळीस डिग्री. कूलर नुसता घरघरत होता.
हमाल खोकी टेकवून म्हणाला, बाई, पाणी.
माठावरचा गिलास सापडेना,
म्हणून पेटीतला एक काढला, पुसला, भरला.
"हे काय होय बाप्पा? एकाच पायावर उभं!"
दोन्ही हातांनी धरून तो प्यायला,
मग पुन्हा मागितलं.

संध्याकाळी मुर्तुझाभाईंनी पेटी मोजली.
एक कमी आहे, कोणता?
गॉब्लेट, मी म्हटलं.
नाव घेऊन.