खोली

उद्यमबागेत, बंद पडलेल्या फाउंड्रीच्या मागं
मकबूल सनदींचं भंगार. बोर्ड कानडीत,
बोलणं समोरचा बोलेल त्यात.
सगळं किलोवर जातं, मोजायची हत्यारं सोडून;
ती आत, कुलपात,
साखरेच्या डब्याशेजारी.

"साहेब नाही आले?"
साहेब नाहीतच, म्हटलं. लेथ माझा आहे.
"असं काय," म्हणत त्यांनी स्टूल पुसलं
आणि दोन पेट्या पुढं ठेवल्या.

मी भूगोल शिकवते. मुलांना नकाशात
समुद्राची खोली निळ्या रंगावरून ओळखायला लावते,
जितका गडद तितका खोल, बस्स.
घरी मागच्या खोलीत बिडाचा एक तुकडा आहे,
वाफेच्या इंजिनाचा व्हायचाय. त्यातला खळगा
साडेबारा मिलिमीटर हवा.
निळ्या रंगावर भागणार नाही.

पहिली पेटी मखमलीची. जपानी. नजर घसरेल असा पॉलिश.
रॅचेटची कटकट अगदी नव्यासारखी.
पट्टीची धार त्याच्या पायाला लावून ट्यूबखाली धरली,
तर मधोमध उजेडाची फट,
तांदळाची कणी जाईल एवढी नाही,
खरं मला दिसली एवढी.
कुणीतरी वर्षानुवर्षं खरबरीत कामावर घासत नेलेला.
आणि दांड्या? तीन घरच्या तीन सुना,
एका पेटीत कोंबलेल्या.
"तीन हजार," सनदी म्हणाले. "नाव बघा की त्याच्यावरचं."
नाव बघितलं. पेटी मिटली.

दुसरा काळवंडलेला, पेटी लाकडी,
बिजागरीच्या जागी तांब्याची तार.
पिशवीतून जाड काचेचा तुकडा काढला
(जुन्या ब्लाउजमध्ये गुंडाळून आणलेला; सनदी हसले, हसू देत),
पाया टेकवला, दाबून धरला,
अंगठ्यानं नाही, रॅचेटनं फिरवत गेले.
शून्य. रेघेवर रेघ.

रेघ कुठं पडावी यावर
या जिल्ह्यात पुष्कळ बोलून झालंय.
एवढीशी का होईना, एक जागेवर सापडली.

मग दुसरी दांडी, पंचवीस ते पन्नासची.
बरोबर आणलेल्या दोन ठोकळ्यांवर पाया ठेवला.
दोन शतांश कमी.
पुन्हा लावली. दोन कमी. पुसून, फुंकून, पुन्हा:
दोन कमी.
मन खट्टू होऊन पेटी मिटवत होते
तेव्हा झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं,
कानडीत, बारीक, शाळेत घोटून घेतलेल्या वळणाचं:
एरडु कडिमे.
दोन कमी.
खाली नाव नाही. टूल रूम, चार.

कोण असेल तो, नट पिळून दुरुस्त करायचं सोडून
झाकणात लिहून ठेवणारा?
आळशी? की नट जाम?
की शिफ्ट बदलताना पुढच्याला सांगायला वेळ नव्हता?
खोट होती. खोटं नव्हतं.
चकचकीत पेटीत नेमकं उलटं होतं.

"कुणाचा होता?"
"लिलावात आला, बाई. माणसं नाही येत लिलावात."
पंधराशे म्हणाले. चौदाशेला दिला,
वर साखर जास्त घातलेला चहा.

साधा मायक्रोमीटर उघडं राहिलेलं वाचतो.
हा आत आत जातो, आकडे झाकत,
आणि झाकलेलं वाचावं लागतं.
सवय व्हायला रात्र गेली.
दोनदा उलटं वाचलं, तिसऱ्यांदा जमलं.

मग खळग्यात सोडला, पहिल्या दांडीनं, जिच्यावर
कुणी काही लिहिलेलं नाही.
हवे होते बारा पन्नास.
बारा छप्पन्न.
परत लावला. बारा छप्पन्न.

पेन्सिल शोधली.
झाकणात नाही,
बिडाच्या तुकड्यावरच लिहिलं, मराठीत:
सहा जास्त. चूक माझी.