ही ह्यांचीच

'पिशवी हवी का?' पडदा विचारतो,
खाली बारीक अक्षरात: सात रुपये.
मी 'नको' दाबतो. माझ्याकडे आहे,
गणवेशाच्या जुन्या पँटची, सुलभाने शिवलेली,
एक खिसा तसाच ठेवून, सुट्ट्यांसाठी.

ती यंत्राच्या ताटलीवर ठेवली
तर लाल दिवा:
अनोळखी वस्तू. मदतीसाठी थांबा.

थांबतो.
मागे कुणाचं तरी दही पाझरतंय.

मेथीच्या जुडीला बारकोड नसतो.
चित्रांतून शोधायची. चष्मा घरी राहिलेला.
बोट पडतं शेपूवर,
दोन रुपयांनी स्वस्त,
आणि मला दरदरून घाम.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटा मोजल्या.
कोपरा दुमडलेलीसुद्धा
नोंदीवाचून हातची हलली नाही.

मुलगी येते. छातीवर नाव: हर्षाली गायधनी.
पिशवी उचलते, झटकते, परत ठेवते,
यंत्राला पटवते की ही ह्यांचीच.
शेपूची मेथी करते.
"होतं काका. सगळ्यांचंच होतं."

दारात आणखी एक जण, पेन घेऊन:
बिल दाखवा.
बिल शर्टाच्या खिशात आहे.
पण माझे दोन्ही हात आपोआप वर जातात,
पाय जरा फाकतात,
जसे पाळी सुटल्यावर, गेटवर, रोज.

तो बघतच राहतो.
"काका, एवढं नाही लागत."

हात खाली यायला थोडा वेळ लागला.
जुडीतली एक काडी फरशीवर पडली होती,
ती वाकून उचलली
आणि त्याला तीही दाखवली.