पाणी गेलेलं असताना

सकाळी उठून पाहिलं तर समुद्र नव्हता.
रात्रभर उशाशी गाजत होता,
आता नुसती ओली, पांढरी वाळू मैलभर
आणि एक होडी, कुशीवर झोपलेली.

"गेला कुठे?"
मकामे चहात लवंगा टाकत होता.
"येईल दुपारी. झांझिबारात कुणी त्याच्यामागे धावत नाही."
त्याने खुर्ची सावलीत सरकवली,
थोड्या वेळाने सावली सरकली,
मग पुन्हा खुर्ची.

मी सुट्टीवर होतो,
पायांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते निघाले.

लांब, जिथे समुद्र असायला हवा तिथे
घोटाभर पाण्यात बायका वाकलेल्या,
खुंट्यांमधल्या दोरीवर
शेवाळ गाठवत होत्या, गजरा करावा तसं.
एकीने नाव सांगितलं, झुवेना.
बोटं मिठाने चिरलेली.
"पोहायला आलास?
पाणी आलं की आम्ही घरी जातो.
मग तुमचंच."
आणि पुढची गाठ मारली.
मी उभा, हातात चपला.

दुपारी आलं. निळं, आवाज न करता,
आधी होडी उचलली त्याने, मग दोऱ्या झाकल्या.
मी उताणा तरंगलो बराच वेळ.
पाठीखाली कुणाचं तरी शेत होतं,
पाय टेकवायला धजलो नाही.

संध्याकाळी मकामे म्हणाला,
"बघ, जमलं की तुला नुसतं बसणं."

मी बसलो नव्हतो.
घोट्याला गुंडाळून आलेली
एक तपकिरी फांदी सोडवत होतो,
तिच्यावरची सुतळीची गाठ
तशीच ठेवून.