बिबड्यांचा लिलाव

आमच्या भुसावळच्या देवळात
उपदेश मधेच थांबतो.
मालगाडी जाईपर्यंत पाळक चष्मा पुसतात
आणि मागच्या बाकावरचे दोन निवृत्त ड्रायव्हर
डबे मोजतात, ओठ न हलवता.
अठ्ठावन्न, एक पुटपुटतो. एकोणसाठ, दुसरा.
मग पौल पुन्हा करिंथकरांना लिहू लागतो.

मी खजिनदार.
माझ्याकडे दानपेटीची किल्ली,
कूलरच्या पंपाची पावती
आणि चौऱ्याहत्तरची एक वही, वाळवीनं कडा खाल्लेली.
त्या मे महिन्याची पानं पेन्सिलीनं लिहिलीत:
ज्वारी दोन पोती. रॉकेल. खडेमीठ.
कुटुंबं एकतीस. बाळंतीण एक.
देणाऱ्याच्या रकान्यात कुणाचंच नाव नाही,
नुसतं, मंडळी.

संप होता.
क्वार्टरांतून भांडी रस्त्यावर आली,
भांड्यांमागून माणसं.
शांतवन पाळकांनी बाक अंगणात काढायला लावले,
आत सतरंज्या.
आमचे थोडेच; बाकी शेख, तडवी, पाटील, यादव.
वेदीपाशी एक म्हातारी जपमाळ ओढत बसायची,
तिला कुणी उठवलं नाही.
रविवारी फौजदार आला. म्हणाला, ही सभा आहे.
पाळक म्हणाले, हो साहेब, सभाच.
दर रविवारी भरते. बूट काढलेत तर बसा.
तो बसला नाही.
पाळक मात्र नऊ दिवस आत बसून आले.

एवढं मी पोरांना नाताळात सांगतो.
पुढचं सांगत नाही.

पुढचं असं की बाराव्या दिवशी पहाटे
माझा बाप जेवणाचा डबा घेऊन शेडकडे गेला,
अंगणातल्या बाकांमधून वाट काढत.
मी सात वर्षांचा. जागा होतो.
रिबकाबाईही जागी होती, चुलीत काटक्या सारत.
तिनं तोंड भिंतीकडे केलं.
तिच्या नवऱ्याची नोकरी गेली.
तीन वर्षांनी परत मिळाली
तेव्हा ती घ्यायला तो नव्हता.
माझ्या बापाला मिळाला एक छापील कागद, 'निष्ठावान';
त्या कागदावर थोरल्या भावाला नोकरी,
भावाच्या पगारावर माझं कॉलेज,
कॉलेजावर बँक,
आणि बँकेत होतो म्हणून
मंडळीचे पैसे मी मोजतो.

आता इथे चालतं ते साधंच.
मंगळवारी डायलिसिसची रिक्षा,
तरुण संघातली पोरं आळीपाळीनं सोबत बसतात.
बुधवारी गणिताची शिकवणी:
तडव्यांची रुखसार सगळ्यांत पुढे,
आमच्या सेक्रेटरीचा नातू कुठे ते विचारू नका.
मागच्या भिंतीला तीनदा रंग दिला,
चुलीचा काळा डाग तिन्हीदा वर आला.
रंगारी म्हणतो, प्रायमर मारा.
कमिटी म्हणते, बघू.

उपकारस्तुतीच्या रविवारी अंगणात लिलाव असतो.
केळीचे घड, भरताची वांगी,
पाय बांधलेला एक रागीट कोंबडा.
रिबकाबाई बिबड्यांचा गठ्ठा आणते,
आणि दर वर्षी मी बोली चढवत जातो,
दोनशे, पाचशे, हजार,
समोर दुसरं कुणी बोलत नसताना.

यंदा तिनं काठी आपटली.
"ए आमोस, किती वर्षं स्वतःशीच चढाओढ लावशील रे भो?
तुझ्या बापाचं कर्ज नाही हे. बिबड्या आहेत.
दीडशेला घे अन् भाजून खा.
मीठ जरा जास्त झालंय."

सगळे हसले. मीही.
दीडशेची पावती फाडायला घेतली,
देणाऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि थांबलो.
तेवढ्यात गाडी आली.
पुकारणारा गप्प झाला, कोंबडा होईना,
मागच्या बाकावर मोजणी सुरू झाली.