पाच पैसे

सव्वानऊला शटर वर करतो मी.
फाट्यावरचं दुकान : रिचार्ज, झेरॉक्स, अर्जंट फोटो.
चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी.
तिच्यावर तेलरांधेच बसतात,
तिचा तोल त्यांनाच ठाऊक.

काल सात पस्तीसला मिटला होता. आज सात तीसला उघडला.
"खाली काऊन आला बे?"
"मांगं सरकून राह्यला. ढुसणी माराच्या आधी
बैल नाही का सरकत?"
हा अन्वर, मोटारी भरून देणारा.
त्याचे अकराशे शेअर, सरासरी तेरा ऐंशी.
सरासरी हा शब्द आमच्याकडे यंदा आला.
भाव पडला की आणखी घ्यायचे,
म्हणजे दुखणं एका जागी राहत नाही,
अंगभर सारखं पसरतं.

उपकेंद्राच्या शैला मसराम सिस्टर
लसीचा डबा खांद्याला अडकवून उभ्या उभ्या विचारतात,
"काय म्हणते?"
वॉर्डातल्या तापाच्या पेशंटबद्दल विचारावं तसं.
सरकार पैसा ओतणार, हे त्यांना पक्कं माहीत आहे.
त्यांच्या नणदेचा जावई नागपुरात
कुण्या मोठ्या साहेबाची गाडी चालवतो,
आणि मागच्या सीटवरची माणसं
ड्रायव्हरला कान नसल्यासारखी बोलतात.

"एवढी मोठी कंपनी बुडते का राजेहो?"
दिवसातून एकदा कोणीतरी हे म्हणतं.
बाकीचे माना हलवतात
आणि चहा सांगतात.

तेलरांधे टेलिफोन खात्यात लाइनमन होते.
ह्या पट्ट्यातला एकेक खांब त्यांच्या पोटऱ्यांना आठवतो.
त्यांच्याकडं सगळ्यांत जास्त आहेत. किती, ते सांगत नाहीत.
संध्याकाळी सायकल घेऊन टॉवरपाशी जातात,
कुंपणाच्या जाळीला कान लावतात.
"जनरेटर चालू हाये," एवढंच म्हणतात येऊन,
अन् दुसऱ्या दिवशी आम्ही दोनदोनशे घेतो.
एकदा म्हणाले, "राखणदाराचा तीन महिन्यांचा पगार थकला."
ते आम्ही ऐकलं.
मग अन्वरनं पुन्हा सरासरी काढली.

माझे चार हजार.
आणि ज्या टेबलावर मी भाव बघतो
त्याच टेबलावर कंपनीची गिऱ्हाइकं
दुसऱ्या कंपनीत पाठवतो. नंबर तोच, सिम नवं.
माणशी सत्तर रुपये सुटतात.
मागच्या महिन्यात एक्केचाळीस पाठवले.
कुणाचा निकाल उघडत नव्हता,
कुणाला बोलायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं.
ही बेरीज मी चौघांत करत नाही.

बुधवारी दुपारी सिस्टर आल्या. दुकानात कोणी नव्हतं.
"नंबर बदलून दे बाबू."
रात्री वाडीवर एक बाई अडली होती,
अॅम्ब्युलन्सला फोन लागेना.
एका हातानं तिला धरून, दुसऱ्या हातात मोबाईल उंच धरून
अंगणभर फिरल्या त्या,
रेंजच्या एका काडीसाठी.
"मंग?"
"झाली. घरीच झाली. पोरगी हाये."
मी फॉर्म काढला. "अन् शेअर, सिस्टर?"
"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "वाढनारच हाये तो."

कंपनी सोडायचा मेसेज
कंपनीच्याच रेंजनं जावा लागतो. जाईना.
मग दोघं रस्ता ओलांडून
बंद पडलेल्या छोट्या लाइनीच्या भरावावर चढलो.
गवतात बुडालेल्या रुळावर त्या उभ्या राहिल्या,
हात वर केला,
चपलेला कुसळं लागली होती ती बघत राहिल्या.
गेला.

साडेतीनला बाजार मिटला. सात पंचवीस.
"पाच पैसेच त होय," अन्वर म्हणाला.
तेलरांधे मोडक्या खुर्चीत जरा डावीकडे झाले.
"कोनीतरी इकून राह्यला," म्हणाले.
मी झेरॉक्सचं झाकण उघडलं
आणि काच पुसायला घेतली.