चावी मीटरच्या पेटीत

उल्का, चावी मीटरच्या पेटीत ठेवलीय.
पोदेर सहाला हॉर्न वाजवत येतो,
पपांना तेव्हाच उठव.
आधी पाय खाली, मिनिटभर थांब, मग उभं.
घाई केलीस तर दोघंही पडाल.

साखरेची गोळी जेवणाआधी. पेज पातळ.
माशाचे काटे तू काढ, पण त्यांच्यासमोर नको,
आतूनच काढून आण.

दाढी एक दिवसाआड.
गाल ते स्वतःच फुगवतात.

रात्री दोनला विचारतील,
रायबंदरची शेवटची फेरी सुटली का?
बोटीवरून उतरून एकवीस वर्षं झाली, हे सांगू नकोस.
मी सांगायचे. रडायचे ते.
आता म्हणते, सुटली,
सगळी माणसं पलीकडे पोचली.
मग चादरीचं टोक खाटेला
दोरखंडासारखं गुंडाळतात आणि झोपतात.

चादर ओली असली तर बोलू नकोस. नुसती बदल.

मी बांबोळीला, चार दिवस. गाठ साधी आहे म्हणतात.
त्यांना सांगितलंय, वास्कोला जातेय, तुझ्याकडे.

आणि हो,
तुला माझ्या नावाने हाक मारतील.
ओ दे.